हात लावू नकोस, सुकतंय!

१९७४ साली अहमदनगर जिल्ह्यात प्रवरेकाठच्या दायमाबादला एक शेतकरी झुडपाचं मूळ खणत होता. त्याला जमिनीत ब्राँझच्या चार वस्तू सापडल्या. एक बैलजोडीचा रथ आणि त्यात उभा राहून तो हाकणारा माणूस, एक गेंडा, एक रेडा आणि एक हत्ती. सगळ्यांचं मिळून वजन ६० किलोंच्या वर. गेंडा आणि रेडा चाकांवर उभे आहेत. हत्तीची चाकं मात्र गायब आहेत. या वस्तू पूजेच्या, मिरवणुकीच्या की आणखी कशाच्या, यावर अभ्यासकांचं आजवर एकमत झालेलं नाही.

माझा पुरातत्त्वाचा अभ्यास शून्य. पण मुलुंड पूर्वेच्या एका सोसायटीत हयात गेली आहे आणि तेवढ्या अधिकारावर सांगतो, की ही खेळणी आहेत. ६० किलोंचं खेळणं कुठलं पोर ओढणार, असा आक्षेप कुणी घेईल. पोर ओढणार नव्हतंच. दायमाबादच्या कुणा बापाने ‘पोरासाठी काहीतरी करतो’ असं घरात जाहीर केलं असणार, होता नव्हता तेवढा धातू वितळवला असणार, आणि पोर जवळ आलं की ‘लांब हो, गरम आहे’ म्हणून खेकसला असणार. चारांतली एक वस्तू कधीतरी बापाची नजर चुकवून पोराच्या हाती लागली. ती म्हणजे हत्ती. म्हणून त्याला चाकं नाहीत.

तेव्हापासून आजपर्यंत फरक एवढाच पडला, की भट्टीच्या जागी ग्लू गन आली. अंधेरी घ्या, बोरिवली घ्या, मुलुंड किंवा घाटकोपर घ्या, ‘मुलांसाठी हाताने केलेली वस्तू’ म्हणजे मोठ्यांनी केलेली आणि मुलांनी हात मागे बांधून बघितलेली वस्तू. तिच्या आसपास कायम एकच वाक्य ऐकू येतं : ‘हात लावू नकोस, सुकतंय!’ ती सुकेपर्यंत मूल पुढच्या यत्तेत गेलेलं असतं.

या प्रकाराचं वार्षिक अधिवेशन दिवाळीत भरतं. मातीचा किल्ला ही खरं तर मुलांची हक्काची गोष्ट. विटांचे तुकडे आणि दगड रचायचे, वर मातीत कालवलेलं गोणपाट पसरायचं, उतारावर अळीव नाहीतर मोहरी पेरायची आणि माथ्यावर महाराजांना बसवायचं. यातल्या महाराजांखेरीज बाकी सगळ्या गोष्टी पूर्वी फुकट मिळायच्या. बोरिवलीची मुलं नॅशनल पार्कच्या कडेची माती आणायची, घाटकोपरची मागच्या टेकडीची, मुलुंडची योगी हिलच्या पायथ्याची. आता टेकड्यांवर टॉवर आहेत आणि कंपाउंडमध्ये पेव्हर ब्लॉक. तेव्हा किल्ल्याला लागणारी माती नर्सरीतून पोत्याने विकत आणावी लागते. घाईत कुणीतरी ‘पॉटिंग मिक्स’चं पोतं उचलून आणतं. त्यात माती थोडी आणि नारळाचा भुसा फार. एका दिवाळीत आमच्या सिंहगडावर दोन दिवस बागेचा वास येत होता आणि तिसऱ्या दिवशी कल्याण दरवाजा वाऱ्याने उडाला.

माती आली की ए विंगमधले निवृत्त इंजिनिअर खाली उतरतात. त्यांच्या एका हातात टॅब असतो, त्यावर राजगडाचा उपग्रहातून घेतलेला फोटो, आणि दुसऱ्या हातात पाणसळ. ‘राजगड म्हणजे गंमत नाही,’ ते मुलांना सांगतात. मुलं गंमत करायलाच आलेली असल्यामुळे जरा बिचकतात. पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी अशा तीन माच्या, मधोमध बालेकिल्ला. कमिटीने दिलेली जागा दोन स्कूटरांची. दरवर्षी सुवेळा माची इलेक्ट्रिक मीटरच्या खोलीच्या दाराशी भिडते आणि सेक्रेटरींची ना-हरकत घ्यावी लागते. सेक्रेटरी फरशीला डाग पडतील म्हणतात, डास होतील म्हणतात, आणि शेवटी स्वतःच खाली येऊन संजीवनी माचीची चिलखती तटबंदी कशी चुकली आहे ते दाखवतात. संध्याकाळपर्यंत किल्ल्याभोवती सरासरी वय पंचावन्न झालेलं असतं.

११ जुलै २०२५ला युनेस्कोने ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. ११ महाराष्ट्रातले आणि तमिळनाडूतला जिंजी. आनंदाची गोष्ट आहे, आम्हीही पेढे खाल्ले. पण राजगड त्या यादीत असल्यामुळे आमच्या कंपाउंडमधल्या राजगडाजवळ मुलांना फिरकू देण्याचा प्रश्न त्यानंतर फारच नाजूक झाला.

मुलांना काहीच काम नसतं असं मात्र नाही. अळीव पेरणं आणि पाणी शिंपडणं ही दोन खाती त्यांच्याकडे असतात. अळीव तीन-चार दिवसांत उगवतो, मुलांना त्याची घाई असते, आणि पाणी घातलं की उगवतं एवढंच शास्त्र त्यांना ठाऊक असतं. त्यामुळे वसुबारसेच्या आसपास राजगडावर एक मोठी दरड कोसळते. इंजिनिअरसाहेब शोकसभा घेतात.

मग येतात चित्रं. स्टेशनबाहेर टोपल्यांत मावळे, तोफा, वाघ, गवळणी, विहिरीवर पाणी भरणारी बाई असं सगळं रंगीत मनुष्यबळ उपलब्ध असतं. त्यात प्रमाण वगैरे भानगड नसते. वाघ हत्तीएवढा, कोंबडी तोफेएवढी आणि महाराज बालेकिल्ल्याहून उंच. पाणसळ लावून उभ्या केलेल्या तटावर हे सगळे विराजमान झाले की इंजिनिअरसाहेबांचा चेहरा पडतो आणि मुलांचा उजळतो. गेल्या खेपेला दुसरीतल्या एका मुलाने बालेकिल्ल्याच्या पायथ्याशी हिरवा प्लास्टिकचा डायनोसॉर आणून ठेवला.

‘हे काय?’

‘डायनोसॉर.’

‘राजगडावर डायनोसॉर नव्हते, बाळा.’

‘होते. मेले ना मग.’

साहेबांनी डायनोसॉर उचलून त्याच्या हातात दिला. आता याबाबतीत मी मुलाच्या बाजूचा आहे, आणि भूशास्त्रही. सह्याद्रीचा काळा कातळ म्हणजे दख्खनच्या ज्वालामुखींचा थिजलेला लाव्हा, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, आणि डायनोसॉरांचं दुकान बंद झालं तेही त्याच सुमारास. त्याच काळातला एक सरळसोट खांब अजून अंधेरी पश्चिमेला उभा आहे. त्याला गिल्बर्ट हिल म्हणतात, उंची सुमारे २०० फूट, वर गावदेवीचं देऊळ. म्हणजे किल्ल्यातल्या इतर सगळ्या मंडळींपेक्षा त्या जागेवर डायनोसॉरचा हक्क जुना होता. पण सोसायटीत सभासदत्व जुनं असून भागत नाही, मत असावं लागतं.

आकाशकंदिलाची कथा आता थोडक्यात सांगण्याएवढीच उरली आहे. कामट्या तासायच्या, दोऱ्याने बांधायच्या, पतंगी कागद मैद्याच्या खळीने चिकटवायचा, खाली झिरमिळ्या. खळ शिजवताना तिला गुठळ्या झाल्या म्हणून चाळीतल्या दोन बिऱ्हाडांचं बोलणं बंद झाल्याचं मी पाहिलं आहे. आता कंदील घडी घालून पाकिटात येतो, उघडला की दोन मिनिटांत तयार. ‘घरी केला,’ असं म्हणतात लोक. उघडला घरीच, यात खोटं काही नाही.

दिवाळी वर्षातून एकदा येते. शाळेचा ‘प्रोजेक्ट’ मात्र महिन्यातून दोनदा येतो आणि बहुतेक वेळा रात्री साडेनऊला येतो. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी विचारतं, ‘उद्या ते टाकाऊपासून टिकाऊ आहे ना?’ आणि अंधेरीपासून दहिसरपर्यंत एकेका स्वयंपाकघरात ताटं तशीच राहतात. मुलाला उठवून विचारलं तर तो डोळे न उघडता सांगतो, की बाईंनी सोमवारीच सांगितलं होतं.

शाळेजवळचा स्टेशनरीवाला हे ओळखून शटर अर्धं उघडं ठेवून बसलेला असतो. हा गृहस्थ बहुधा कच्छी असतो, मराठी आपल्यापेक्षा घाईचं बोलतो आणि त्याला राज्य मंडळ, सीबीएसई आणि आयसीएसई या तिन्ही अभ्यासक्रमांची इत्थंभूत माहिती असते.

‘बोला भाभी, कितवी?’

‘चौथी.’

‘चौथीला टाकाऊ आला काय? आमच्याकडे सगळा टाकाऊ नवीन आहे. आजच माल आला.’

नवीन टाकाऊ ही आमच्या उपनगरांची खरी गरज आहे, कारण जुना कुठे उरलाच नाही. आइस्क्रीमच्या काड्या पूर्वी आइस्क्रीम खाऊन जमवाव्या लागत. पन्नास काड्यांचं घर करायचं तर निम्मा उन्हाळा आणि एक घसा खर्ची पडायचा. आता पन्नासचं बंद पाकीट मिळतं, ज्यातल्या एकाही काडीने आयुष्यात आइस्क्रीम पाहिलेलं नसतं. काडेपेट्या रिकाम्या हव्यात, तर घरात लायटर आहे. मग डझनभर भरलेल्या पेट्या विकत आणून काड्या एका डब्यात ओततात आणि पुढची दोन वर्षं आजी देवापुढे त्या संपवत बसतात. जुनं वर्तमानपत्र हवं, तर घरात कुणी पेपर घेत नाही. आमच्या एका शेजाऱ्यांनी सकाळी सहाला त्या दिवसाचा ताजा अंक आणला, दोनदा चुरगळला, आणि जुना म्हणून लगद्याला घातला. राहता राहिला थर्माकोल. २०१८च्या मार्चमध्ये राज्य सरकारने प्लास्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी घातली, त्यामुळे तो शब्द हल्ली दुकानात आवाज खाली आणून उच्चारला जातो. बाकी सामान पिशवीत पडेपर्यंत टाकाऊचं बिल चारशेवर गेलेलं असतं.

चिकटवायचं आणि रंगवायचं साहित्य म्हणाल तर त्याला अंधेरीची परंपरा आहे. १९५९पासून देशाला चिकटवणाऱ्या फेविकॉलच्या कंपनीचं मुख्य कार्यालय अंधेरी पूर्वेला आहे. दांडेकरांनी १९३१ साली शाईपासून सुरू केलेल्या उद्योगाचा पुढे कॅम्लिन झाला, त्याचंही ठाणं अंधेरीच्या एमआयडीसीत. मराठी मुलाच्या बोटांना जे चिकटतं आणि गणवेशाला जे लागतं, त्या दोन्हींचा हिशेब एकाच स्टेशनच्या पूर्वेला होतो, याचा पश्चिमेच्या लोकांनी विचार करावा.

रात्री अकराला कामाची वाटणी होते. बाबा आराखडा काढतात, आई कापते, आजी ‘आमच्या वेळी’ सांगतात. मुलाकडे टेप धरून ठेवण्याचं काम असतं. थोड्या वेळाने तो टेप हातात धरूनच झोपतो आणि बाबांचा उत्साह वाढतो, कारण मध्ये येणारं आता कुणी नसतं. त्यांच्यातला सहावीत असताना दडपला गेलेला कलावंत जागा होतो. साधी पेन-स्टँड करायची ठरली होती, तिचा गेटवे ऑफ इंडिया होतो. सकाळी आई म्हणते, ‘याला स्कूल बसमध्ये कसं न्यायचं?’ आणि बाबा ऑफिसला उशिरा जातात.

शाळेतल्या प्रदर्शनात हे सगळे गेटवे एका रांगेत मांडतात. शेजारी एक कुतुबमिनार, दोन ज्वालामुखी आणि एक मेट्रो असते, तिचे दरवाजे रिमोटवर उघडतात. कोपऱ्यात काडेपेटीची मोटार असते. चाकांना औषधाच्या बाटल्यांची बुचं लावलेली, एक मोठं, तीन लहान, त्यामुळे ती गोल गोल फिरते. ती ज्या मुलीने केली आहे तिच्या घरी त्या रात्री सगळे लग्नाला गेले होते. बाई विचारतात, ‘कशी केलीस?’ ती पाच मिनिटं थांबत नाही. गेटवेवाल्याला विचारलं तर तो प्रामाणिकपणे सांगतो, ‘मला नाही माहीत, मी झोपलो होतो.’ बक्षीस गेटवेला मिळतं. बाईंना सगळं कळतं, पण संध्याकाळी गेटवेच्या बाबांचा फोन येतो आणि मोटारीच्या बाबांचा येत नाही.

यातलं कायद्याचं अंगही नजरेआड करून चालणार नाही. १ जानेवारी २०२१पासून भारतात १४ वर्षांखालच्या मुलांची खेळणी विकायची तर त्यांवर मानक ब्युरोचा शिक्का लागतो. सुटणारे बारीक भाग, टोकदार कडा, रंगातली विषारी द्रव्यं, सगळं तपासलं जातं. नियम चांगला आहे. फक्त या चाळणीतून आजींची चिंध्यांची बाहुली काढून पाहा. डोळ्यांना सदऱ्याची बटणं, म्हणजे सुटणारे बारीक भाग. केसांना लोकर, ती पोर चघळणार. पोटात जुन्या गोधडीचा कापूस, साल अज्ञात. नाकाच्या जागी एक टाचणी टोचलेली असते, ती आजींना सापडत नसते म्हणून तिथे. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना या शिक्क्यातून सूट आहे, पण आजींची नोंद फक्त रेशनकार्डावर आहे. सुदैवाने त्या बाहुली विकत नाहीत. आणि गंमत अशी, की घरातल्या सगळ्या शिक्केवाल्या खेळण्यांना बाजूला सारून पोर झोपताना तीच मागतं. त्यात टाचणीचा काही हात असेल असं वाटत नाही.

उलट ज्या हस्तकलेला खरोखर मान आहे, ती मुलांच्या हाती लागतच नाही. सावंतवाडीच्या चितार आळीतली रंगीत लाकडी फळं आणि खेळणी बघा. गणपतीला गावी गेलेलं प्रत्येक उपनगरी कुटुंब येताना ती आणतं. केळी, वांगं, सीताफळ, भातुकलीचा संच. मुलं वाटभर रडतात, घरी आल्यावर ती फळं काचेच्या कपाटात जातात आणि कपाटाला कुलूप लागतं. पाहुणे आले की दाखवायची. आमच्या ओळखीच्या एका घरात सावंतवाडीचं केळं मुलाच्या बारशाच्या वर्षी आणलेलं आहे. मुलगा आता अंधेरीत आयटीत नोकरी करतो. त्याला ते केळं हातात घ्यायची परवानगी त्याचं लग्न ठरल्यावर मिळेल, असा माझा अंदाज आहे.

या सगळ्या गोंधळात ज्या माणसाने खरंच मुलांच्या हातात काहीतरी दिलं, त्याचं नाव अरविंद गुप्ता. १९७५ साली आयआयटी कानपूरमधून विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतलेला हा गृहस्थ पुण्याला टेल्कोत ट्रक बनवण्याच्या कामाला लागला. १९७८ला रजा काढून मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षणाच्या उपक्रमात गेला, आणि तिथे सायकलच्या व्हॉल्व्हच्या रबरी नळीचे तुकडे नि आगपेटीच्या काड्या जोडून त्रिकोण, चौकोन करत बसला. त्रिकोण हलत नाही, चौकोन डुगडुगतो. पुलांच्या आणि छपरांच्या कैच्यांत त्रिकोण का असतात, ते खेड्यातल्या पोराला चार पैशांत समजलं. पुढे पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्राच्या संस्थेत त्यांनी मुलांच्या विज्ञानकेंद्रात २०१४पर्यंत कचऱ्यातून शेकडो खेळणी केली, करायला शिकवली, त्यांची पुस्तकं आणि व्हिडिओ सगळ्यांना फुकट वाटले. २०१८ला पद्मश्री मिळाली. या केंद्राची इमारत पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून उभी राहिली आणि सप्तर्षींतल्या ताऱ्यावरून तिचं नाव ‘पुलस्त्य’ ठेवलं गेलं. पुलंचं बालपण जोगेश्वरीच्या सरस्वती बागेतलं, म्हणजे पुण्याच्या मुलांच्या खेळण्यांत उपनगरांचा वाटा आहे. पुणेकरांनी हे वाचून सोडून द्यावं.

गुप्तांची खेळणी उपनगरात करायला गेलं की पुन्हा कचऱ्याशीच गाठ पडते. कॅमेऱ्याच्या रोलची डबी हवी, तर कॅमेराच फोनमध्ये गेला. सीडीला फुगा लावून हवेवर तरंगणारी चकती करायची, तर मुलं विचारतात, ‘सीडी म्हणजे?’ सायकलवाला व्हॉल्व्हची नळी मागितली की नवीन सायकलच दाखवतो. स्ट्रॉची पिपाणी तर काय सुरेख : एका टोकाला चपटं करून दोन्ही बाजूंनी तिरकं कापायचं, ओठांत धरून फुंकायचं, आणि वाजवता वाजवता दुसऱ्या टोकाने कात्रीने तुकडे पाडत जायचं. जसजशी आखूड होते तसतसा सूर चढतो. पण १ जुलै २०२२पासून प्लास्टिकच्या स्ट्रॉवर देशभर बंदी आहे. कागदी स्ट्रॉची पिपाणी दोन सुरांत भिजते आणि तिसऱ्या सुराला मान टाकते. पर्यावरणाच्या बाजूने मी ठामपणे आहे, एवढंच नोंदवतो की तार सप्तक गेलं.

तिसऱ्या मजल्यावरचे एक बाबा गुप्तांचा व्हिडिओ पाहून ‘जगातली सर्वांत साधी मोटर’ करायला बसले. एक सेल, दोन सेफ्टी पिना, एक चुंबक, तांब्याच्या तारेचं वेटोळं. मुलगी पाचवीत. तारेवर लाखेसारखा थर असतो. एका टोकाचा पूर्ण खरवडायचा आणि दुसऱ्याचा फक्त अर्ध्या बाजूचा, म्हणजे वेटोळ्याला अर्धा फेरा धक्का आणि अर्धा फेरा विश्रांती मिळून ते फिरत राहतं. बाबांनी दोन्ही टोकं लखलखीत खरवडली. कामात अर्धवटपणा त्यांना खपत नाही. वेटोळं थरथरायचं आणि थांबायचं. त्यांनी सेल बदलला, चुंबक बदललं, शेवटी चुंबकाच्या कंपनीला पत्र लिहायला घेतलं. तेवढ्यात मुलीने दुसरी तार घेतली. तिचा खरवडण्याचा कंटाळा अर्ध्यावरच झाला, आणि मोटर भिरभिरायला लागली. ‘माझं आधीचं काम होतं म्हणून,’ बाबा म्हणाले.

अशीच गोष्ट शंखशिंपल्यांची. ताराबाई मोडकांनी १९४५ला बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, पुढे कोसबाडला नेलं. माँटेसरीचं महागडं साहित्य खेड्यात परवडणार नाही म्हणून ताराबाई आणि अनुताई वाघांनी गोटे, शिंपले, बिया, पानं हेच मुलांच्या हातात दिलं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी अनुताई कुरणात शाळा घेऊन गेल्या. बोर्डी आपल्यापासून लांब नाही, पश्चिम रेल्वेवरच आहे. आज अंधेरीतल्या बालवाड्यांत ‘नैसर्गिक साहित्य संच’ मिळतो : धुतलेले गोटे बारा, शिंपले दहा, पाइनची फळं सहा, कापडी पिशवीसह. किंमत छापली असती तर समुद्राने बोर्डीला रॉयल्टी मागितली असती. सोबत पालकांसाठी पुस्तिका असते, गोट्यांशी कसं खेळावं ते सांगणारी. इंग्रजांकडे १७६० सालचं हॅम्लीज नावाचं खेळण्यांचं दुकान होतं, ते २०१९ला मुंबईच्याच रिलायन्सने विकत घेतलं. ईस्ट इंडिया कंपनीचा हिशेब चुकता झाला म्हणू, पण पोराच्या हाताला गोटा अजून विकतच मिळतो.

आता बी विंगमधल्या फ्रिजच्या खोक्याबद्दल सांगायलाच हवं. गेल्या मे महिन्यात तिथे नवा फ्रिज आला आणि त्याचा पुठ्ठ्याचा खोका वॉचमनच्या खुर्चीमागे टाकला गेला. रद्दीवाला यायच्या आत मुलांनी तो पळवला. अर्ध्या तासात त्यांनी त्याला कुणाच्या तरी स्वयंपाकघरातल्या सुरीने दोन दारं पाडली आणि त्याची स्लो लोकल झाली. एक मोटरमन, एक गार्ड, एक मुलगी नाकातून ‘पुढील स्टेशन, भांडुप’ म्हणणारी. भांडुपला कुणी उतरत नसे, सगळे चढत. चौथ्या सीटवरून भांडण व्हायचं, ते घरी ऐकलेलं जसंच्या तसं. एकजण दारात लटकायचा, त्याच्या आईने वरून बघितलं की आत जायचा. एक लहानगा फक्त टिकलीची पाकिटं विकायचा. विजेचा खर्च शून्य, गाडी वेळेवर. दोन दिवस खाली कुणी मोबाइल मागितला नाही.

तिसऱ्या दिवशी इंजिनिअरसाहेबांची नजर पडली. ‘अरे वा, कल्पना चांगली आहे! पण याला नीट करूया.’ त्यांनी खोका पार्किंगमध्ये नेला, कडांना टेप लावली, खिडक्या मापाने कापल्या, वर पांढरा-जांभळा रंग दिला, पुढे एलईडीची पट्टी लावून त्यावर ‘मुलुंड’ हे नाव फिरवलं. सेक्रेटरींनी हँडल म्हणून पडद्याच्या कड्या दिल्या. दोघांनी मिळून चार संध्याकाळी काम केलं, आणि खरं सांगतो, काम अप्रतिम होतं. मध्य रेल्वेला दाखवावं असं. मुलांनी दोनदा येऊन विचारलं, ‘झाली का?’ त्यांना काय सांगितलं गेलं ते तुम्हाला ठाऊक आहे. सुकत होती.

गाडी तयार झाल्यावर सगळ्या विंगच्या लोकांनी येऊन फोटो काढले. मुलांना आत बसायला सांगितलं, ती फोटोपुरती बसली आणि निघून गेली. ती सापडली जिन्याखाली. एलईडीची पट्टी ज्या बबल रॅपमध्ये आली होती ते अंथरून त्यावर उड्या मारत होती. एकेक फुगा फुटला की एकेक स्टेशन जात होतं.

इंजिनिअरसाहेबांविषयी माझ्या मनात राग नाही. त्यांचं लहानपण परळच्या एका खोलीत नऊ माणसांत गेलं, तिथे किल्ला करायला जागा नव्हती आणि पाणसळही नव्हती. ते आता आपला किल्ला करताहेत. सेक्रेटरींचंही तसंच असणार. माझा आक्षेप एवढाच आहे, की ते मुलांच्या नावावर करताहेत.

म्हणून येत्या दिवाळीसाठी सर्व विंगमधल्या काका, आजोबा आणि हौशी बाबांना एक विनंती. मातीची दोन पोती आणा. एक मुलांना द्या आणि त्यांच्या किल्ल्याला हात लावू नका, तिकडे बघूही नका. डायनोसॉर असला तर असू द्या. दुसरं पोतं तुमचं. त्यातून राजगड करा, जिंजी करा, पाणसळ लावा, उपग्रह लावा, खुशाल स्वतःच्या नावाची पाटी लावा. पोतं आणायला मात्र नवरात्रातच जा. दसऱ्यानंतर नर्सरीत नुसता नारळाचा भुसा उरतो.